जेएस-कुकी: रिमूव्ह चालवूनही कुकी जात नाही, त्याचं उत्तर

तुमची अडचण थोडक्यात अशी: जेएस-कुकी (ब्राउझरमधल्या कुकी, म्हणजे साइटने साठवलेल्या छोट्या नोंदी, हाताळणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी), तिची ३.० आवृत्ती, लॉगिनला सेट (कुकी लिहिणं) नीट होतं, लॉगआउटला रिमूव्ह (कुकी काढणं) चालतं, कन्सोलमध्ये एरर नाही, पण पान रिफ्रेश केलं की कुकी जागच्या जागी. यात लायब्ररीचा बग नाही.

जावास्क्रिप्ट ज्यातून कुकी वाचते-लिहिते त्या डॉक्युमेंट-कुकीत कुकी काढून टाकण्याची वेगळी सोयच नाही. रिमूव्ह आतून एवढंच करतं: त्याच नावाची, रिकाम्या व्हॅल्यूची, एक दिवस आधीच मुदत संपलेली कुकी लिहितं. ती आली की ब्राउझर जुनी टाकून देतो. पण जुनी कोणती, हे तो नाव, डोमेन (कुकी कोणत्या साइटची) आणि पाथ (साइटच्या कोणत्या भागाला लागू) या तिन्हींवरून ठरवतो. यातलं एकही जुळलं नाही तर त्याच्या लेखी ती वेगळीच कुकी, म्हणून मूळची तशीच राहते. एरर येत नाही, कारण ब्राउझरच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं.

तेव्हा कोडमध्ये शोधण्याआधी क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये ॲप्लिकेशन टॅब उघडा, डावीकडे कुकीज निवडा (फायरफॉक्समध्ये स्टोरेज टॅब). त्या ओळीचे डोमेन, पाथ आणि एचटीटीपी-ओन्ली हे तीन रकाने वाचा.

डोमेनच्या सुरुवातीला टिंब दिसलं, तर सेट करताना डोमेन स्पष्ट दिलेलं होतं आणि कुकी सगळ्या सबडोमेनना लागू आहे. मग रिमूव्हलाही तेच डोमेन द्यावं लागतं. बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. त्याहून वाईट म्हणजे कोडमध्ये एका ठिकाणी डोमेन दिलेलं आणि दुसऱ्या ठिकाणी विसरलेलं. मग एकाच नावाच्या दोन कुकी तयार होतात, एक काढली की दुसरी वर येते आणि पाहणाऱ्याला वाटतं रिमूव्ह झालंच नाही. दोन्ही काढायच्या तर रिमूव्ह दोनदा चालवा, एकदा डोमेनसह आणि एकदा त्याशिवाय.

पाथचंही तसंच. लायब्ररी स्वतःहून पाथ म्हणून नुसता स्लॅश धरते, म्हणजे अख्खी साइट. पण तीच कुकी सर्व्हरने पाथ न देता पाठवली असेल, तर ज्या पत्त्यावरून ती आली त्याच्या फोल्डरचा पाथ तिला चिकटतो. मग नुसत्या रिमूव्हचा उपयोग नाही, रकान्यात दिसतो तोच पाथ द्या.

एचटीटीपी-ओन्लीच्या रकान्यात खूण असेल, तर जेएस-कुकीने ती वाचता येत नाही आणि पुसताही येत नाही. खरं तर लॉगिनचं सेशन अशाच कुकीत असावं, म्हणजे पानात घुसलेल्या स्क्रिप्टला ते चोरता येत नाही. लॉगआउटचा रिक्वेस्ट सर्व्हरला पाठवा आणि सर्व्हरने तेच नाव, डोमेन, पाथ ठेवून मॅक्स-एज (कुकी किती सेकंद टिकवायची तो आकडा) शून्य पाठवावा. खूण काढून टाकून प्रश्न सोडवू नका, कळकळीची विनंती.

कायमचा इलाज म्हणजे विथ-ॲट्रिब्यूट्स, कुकीची सेटिंग एकदाच ठरवून देणारं जेएस-कुकीचं फंक्शन. एका फाइलमध्ये डोमेन, पाथ, सिक्युअर (कुकी फक्त एचटीटीपीएसवरून पाठवायची) आणि सेम-साइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत पाठवायची की नाही) एकदाच देऊन ऑब्जेक्ट बनवा आणि सगळीकडे तोच इंपोर्ट करा. ते ॲट्रिब्यूट्स सेट आणि रिमूव्ह दोन्हींना लागू होतात, त्यामुळे जुळवणीचा प्रश्नच मिटतो. सेम-साइट 'नन' ठेवायचं असेल तर सिक्युअर हवंच, नाहीतर क्रोम ती कुकी घेत नाही.

तुमच्या कोडमध्ये एक्स्पायर्स, म्हणजे कुकीची मुदत, ३६०० दिसतंय, तेही बदला. इथे आकडा दिवसांचा असतो, सेकंदांचा नाही, म्हणजे तुम्ही जवळपास १० वर्षं मागताय. क्रोम हल्ली ४०० दिवसांवर मुदत कापतो आणि सफारी जावास्क्रिप्टने लिहिलेल्या कुकीला ७ दिवसच देतो. एक तास हवा असेल तर १ भागिले २४ लिहा किंवा सरळ डेट ऑब्जेक्ट द्या. कॉन्फिगमधून आलेला आकडा स्ट्रिंग असेल तर आधी नंबर करा, नाहीतर ३.० मध्ये टाइप-एरर येतो.

२.x वरून वर आला असाल तर आणखी एक बदल. तेव्हा ऑब्जेक्ट दिलं की आपोआप जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) व्हायचं आणि गेट-जेसनने परत मिळायचं. ३.० मध्ये दोन्ही काढलंय. आता जेसन बनवायला स्ट्रिंगिफाय आणि परत ऑब्जेक्ट करायला पार्स स्वतः करा.

आणि युजरचं मराठी नाव किंवा पत्ता कुकीत ठेवताय, तो मोह आवरा. लायब्ररी देवनागरी अक्षरं टक्केचिन्हांच्या रूपात लिहिते. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाचे ३ बाइट, त्या प्रत्येकाची ३ अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला ९. मात्रा वेगळी मोजली जाते, म्हणून 'पुणे' एवढ्या शब्दालाच ३६ बाइट लागतात. नाव आणि व्हॅल्यू मिळून साधारण ४०९६ बाइटची मर्यादा असते. त्यापुढे गेलं तर ब्राउझर गुपचूप कुकी नाकारतो. असा मजकूर लोकल-स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या वेगळ्या साठ्यात) ठेवा, कुकीत फक्त आयडी.