कोरियन चित्रपटांची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : ‘पॅरासाइट’ पाहिल्यापासून कोरियन चित्रपटांविषयी कुतूहल वाटते. मित्रांनी सुचवलेला ‘ओल्डबॉय’ मात्र त्यातील हिंसेमुळे मला अर्ध्यावर सोडावा लागला. आता कोणते चित्रपट पाहावेत आणि ते डब केलेले पाहावेत की सबटायटल्ससह?
– एक वाचक

उत्तर : ‘ओल्डबॉय’ पूर्ण पाहता आला नाही याची खंत बाळगू नका. २००४ साली फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात त्याला ‘ग्रां प्री’ हा सन्मान मिळाला आणि पार्क चान-वूक यांची दिग्दर्शनावरील पकड वादातीत आहे. तरीही नवख्या प्रेक्षकाला तो सर्वांत आधी सुचवणे मला योग्य वाटत नाही. तुम्ही ‘पॅरासाइट’चेच दिग्दर्शक बोंग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) पाहा.

१९८६ ते १९९१ या काळात दक्षिण कोरियातील ह्वासाँग परिसरात झालेल्या स्त्रियांच्या हत्यांवर हा चित्रपट आधारलेला आहे. हत्याकांड म्हटल्यावर रक्तपाताची धास्ती वाटेल आणि काही दृश्ये अस्वस्थ करतीलही. परंतु दिग्दर्शकाचा सारा रोख तपास करणाऱ्या माणसांच्या हतबलतेवर आहे. शेतात प्रेत सापडते, मातीत उमटलेला पायाचा ठसा जपा म्हणून पोलीस अधिकारी घसा कोरडा करतो, वरिष्ठ मंडळी बांधावरून घसरत खाली येतात आणि या गोंधळात एक ट्रॅक्टर त्या ठशावरूनच निघून जातो. आपल्याला हसू फुटते आणि त्याच क्षणी हाती आलेला पुरावा डोळ्यांदेखत नष्ट झाल्याची जाणीव होते. एकाच प्रसंगात हसू, भीती आणि दुःख एकत्र नांदू देण्याची ही रीत एकदा अंगवळणी पडली, की पुढचे कितीतरी कोरियन चित्रपट आपोआप उलगडत जातात. चित्रपट आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. डीएनए चाचणीमुळे त्याची ओळख २०१९ मध्ये पटली.

याच चित्रपटात पोलिसांनी जादा कुमक मागितली असता, सर्व तुकड्या निदर्शने मोडून काढण्यासाठी गेल्याचे उत्तर त्यांना मिळते. त्या हुकूमशाहीच्या काळाविषयी अधिक जाणून घ्यावेसे वाटले, तर ग्वांगजू शहरातील मे १९८० च्या उठावावरचा ‘अ टॅक्सी ड्रायव्हर’ (२०१७) पाहावा. दोन्ही चित्रपटांत सोंग कांग-हो यांचीच प्रमुख भूमिका आहे.

ली चांग-डाँग यांचा ‘पोएट्री’ (२०१०) थोडा थांबून पाहा. स्मृती हरवू लागलेली एक वृद्धा कविता लिहायला शिकते आणि त्याच सुमारास आपल्या नातवाचा घोर अपराध तिला कळतो. या चित्रपटाची संथ गती सवडीने अनुभवण्यासारखी आहे.

डबिंग शक्यतो टाळावे, कारण सोंग कांग-हो यांच्यासारखा नट अर्धा अभिनय आवाजातून करतो. सबटायटल्स वाचण्याची सवय नसेल, तर आधी ‘द वे होम’ (२००२) पाहा. शहरी नातू आणि खेड्यातील मूक आजी यांच्या या कथेत संवाद मोजकेच असल्यामुळे नजर पडद्यावरून फारशी हलवावी लागत नाही.