पाव सोडला, शेव नाही

प्रश्न : माझे यजमान 49 वर्षांचे आहेत, सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर. महिन्याभरापूर्वी त्यांनी पोळी, भात, भाकरी सगळं बंद केलं. पनीर, अंडी आणि शेंगदाण्यांवर राहतात. पहिल्या पंधरवड्यात साडेतीन किलो उतरले, आता काटा हलायचं नाव घेत नाही. डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, चिडचिड तर विचारूच नका. रविवारी मित्रांबरोबर मिसळ ठरलेली. पाव खात नाही म्हणजे चालतं, असं त्यांचं म्हणणं. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी दिली तर? आणि द्राक्षांना हातच लावायचा नाही का? शुगरची गोळी चालू आहे.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, गोळीचं तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत, मी सुरुवात तिथूनच करते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, तर ताटात पोळी-भात असो वा नसो, ती साखर खाली खेचतेच. मशीनपाशी उभं असताना घाम फुटला, हात थरथरले, तर ते शुगर उतरल्याचं लक्षण असू शकतं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, तर काळजी वेगळी : कार्बोदकं (म्हणजे पिष्ट आणि साखर) एकदम तोडल्यावर रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, धोकादायक वाढू शकतात, आणि मीटरवर शुगर फारशी चढलेली दिसतही नाही. मळमळ, उलट्या, धाप असं काही झालं तर थांबू नका, दवाखाना गाठा. एरवीही याच आठवड्यात डॉक्टरांना नवा आहार सांगून डोस ठरवून घ्या. गोळी मनानं बंद करायची नाही.

आता ते साडेतीन किलो. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पिष्ट बंद झालं की हा साठा आधी रिकामा होतो, पाणी निघून जातं, काटा झपकन खाली येतो. म्हणजे उतरलं त्यात पाण्याचा वाटा मोठा होता. लघवीवाटे मीठही जास्त जातं, डोकं दुखायला तेही एक कारण. पोटाचं कारण तर ताटातच आहे : पनीर आणि अंड्यांत चोथा शून्य.

मिसळीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण नाशिककराला मिसळ सोडायला सांगणारी मी कोण! मोडाची मटकी उत्तम. पिष्ट आहे तिच्यात, पण प्रथिनं आणि चोथाही आहे. वांधा वरच्या मजल्यावर आहे. मूठभर शेव-फरसाण म्हणजे तेलात तळलेलं बेसन, त्यावर लाल तर्री, ती संपली की 'अजून रस्सा आण रे', शेजारी तळलेला पापड. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, पिष्टाच्या ग्रॅमला 4. पाव परत पाठवून दुसऱ्यांदा तर्री मागवणारा माणूस हिशोबात कुठे जिंकला? यजमानांना सांगा, मटकी दुप्पट घ्या, फरसाण वाटीत वेगळं मागा, रस्सा एकदाच. एक पाव खाल्ला तरी माझी हरकत नाही. घरचे शेंगदाणेही तसेच : 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, आणि टीव्हीसमोर तेवढे कधी संपतात कळत नाही. काटा अडलाय तो बहुधा इथेच.

भाकरीचं म्हणाल तर ज्वारी, बाजरी, गहू, कुठलंही पीठ घ्या, पिष्ट जवळपास सारखंच. शिवाय एका भाकरीला फुलक्याच्या जवळजवळ दुप्पट पीठ लागतं. भाकरी चांगलीच, नागलीचीही करा, पण एकच थापा. उपासाची साबुदाणा खिचडी म्हणजे तर निव्वळ पिष्ट आणि वर दाण्याचा कूट.

2018 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 609 जणांवर वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांनी कार्बोदकं कमी केली, निम्म्यांनी चरबी. पहिल्या गटाचं वजन सरासरी 6 किलो उतरलं, दुसऱ्याचं 5.3, हा फरक धरण्याजोगा नव्हता. म्हणून सगळं तोडण्याच्या हट्टाला माझा पाठिंबा नाही. वर्षभर निभेल तेच करावं. डोस ठरला की दुपारच्या डब्यात एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, मेथी-गिलक्याची भरपूर भाजी, काकडी. रात्री भात नको असेल तर नको, पण दोन अंडी किंवा पनीर आणि भाजी हवीच. साखरेचा चहा आणि बिस्किटं खुशाल बंद करा. तिथे मी यजमानांच्या बाजूने आहे.

द्राक्षांत 100 ग्रॅमला साधारण 16 ते 18 ग्रॅम साखर असते. दहा-बारा मणी वाटीत काढून द्या, जेवणानंतर गोड म्हणून. खोकं मात्र त्यांच्यासमोर ठेवू नका.