बीट बैठकीत मुलांचे स्वभाव कसे शिकवावेत?

ताई, तुमच्या बीटमधल्या, म्हणजे तुमच्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांमधल्या, पंचवीस सेविकांसाठी ‘मुलांचे वेगवेगळे स्वभाव’ हा विषय तीन तासांत कसा घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय. फळ्यावर स्वभावाच्या प्रकारांचा तक्ता काढून सुरुवात मात्र करू नका.

या विषयातलं पायाभूत काम अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याचं. त्यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यात सुमारे ४० टक्के मुलं सहज जुळणारी, १५ टक्के सावकाश रुळणारी आणि १० टक्के अवघड जाणारी निघाली. उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात बसली नाहीत. तक्ता दिला की हे शेवटचं वाक्य कोणाच्या लक्षात राहत नाही आणि ‘माझ्याकडे चार अवघड आहेत’ अशी भाषा सुरू होते. थॉमस-चेस यांचा खरा उपयोगी मुद्दा असा, की मुलाचा स्वभाव आणि मोठ्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर बरंच अवलंबून असतं. स्वभाव बदलणं सेविकेच्या हातात नाही, मेळ बसवणं आहे.

म्हणून पहिला तास फक्त शब्दांवर घालवा. सेविका मुलांबद्दल रोज जे शब्द वापरतात ते त्यांच्याकडूनच घ्या: हट्टी, रडका, बुजरी, धसमुसळा, अगाऊ. मग प्रत्येक शब्दासमोर काय दिसलं ते लिहायला लावा. ‘हट्टी आहे’च्या जागी ‘मणी काढून घेतले तेव्हा जमिनीवर बसला, खिचडी वाढेपर्यंत उठला नाही’. हे लिहिलं की उपाय आपोआप दिसतो, कारण अडचण मणी अचानक काढून घेण्यात होती. मुलगा वर्गात धावला तर ‘चपळ’ आणि मुलगी धावली तर ‘अगाऊ’, हा फरकही इथेच उघडा पडतो. त्यावर सेविकांना मोकळेपणी बोलू द्या.

दुसऱ्या तासात सराव. चौघीचौघींचे गट करा. एकीने मूल व्हायचं, एकीने सेविका, दोघींनी पाहायचं. प्रसंग तीनच घ्या: सकाळी आई सोडून जाते, खेळ थांबवून हात धुवायचे आहेत, गोलात सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं आहे. खेळ थांबवताना ‘पाच मिनिटं राहिली’ म्हणून उपयोग नाही, तीन वर्षांच्या मुलाला मिनिटं कळत नाहीत. ‘अजून दोन मणी ओव, मग हात धुवू’ हे कळतं. बुजऱ्या मुलाला गोलाच्या कडेला, मदतनीसताईंजवळ बसू द्यावं. हाताला काहीतरी काम द्यावं आणि सगळ्यांसमोर ‘लाजतोस काय?’ म्हणू नये. जोरात रडणाऱ्या मुलासमोर खाली बसायचं, आवाज त्याच्यापेक्षा हळू ठेवायचा आणि ‘का रडतोस?’ हा प्रश्न रडणं ओसरेपर्यंत विचारायचाच नाही. रडताना त्याला कारण सांगता येत नसतं.

इथे एक शंका हमखास येते: ‘मग काय सगळ्यांचे लाड करायचे?’ नाही. हात सगळ्यांनीच धुवायचे, मारायचं कोणीच नाही. नियम एकच, तिथवर पोचायला कोणाला दोन पायऱ्या जास्त लागतात, एवढंच.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गप्प, ‘शहाण्या’ मुलांकडे. ती त्रास देत नाहीत म्हणून दिवसभर त्यांच्याशी कोणी बोलत नाही. उपाय सोपा आहे. घरी जाताना पटावरची नावं वाचायची, ज्यांच्याशी आज एकेकटं बोलणं झालं त्यांच्यासाठी वहीत टिंब द्यायचं, आणि बिनटिंबाच्या मुलांपासून उद्याची सुरुवात करायची.

तिसऱ्या तासात दोन गोष्टी. पहिली, पालकांशी बोलणं. दारात सगळ्यांदेखत ‘तुमचा मुलगा फार हट्टी’ म्हटलं की घरी त्या पोराला मार बसतो. त्याऐवजी घडलेलं सांगावं आणि विचारावं, ‘घरी असं होतं तेव्हा तुम्ही काय करता?’ दुसरी, सगळं स्वभावावर ढकलू नये. हसरं मूल अचानक गप्प झालं, हाकेला वळत नाही, कान वाहतो, रोज उपाशी येतं, तर तो स्वभाव नव्हे. अचानक बदल दिसला की लगेच गृहभेट. ऐकण्या-बोलण्याची शंका असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावं.

तीन तासांचं प्रशिक्षण पाठपुरावा नसेल तर महिन्याभरात विरतं. प्रत्येक सेविकेला एकच मूल निवडायला सांगा, शक्यतो जे तिला जड जातं ते. तीन दिवस, रोज तीन वेळा (येताना, खेळ बदलताना, जेवताना) पाच-पाच मिनिटं पाहून चिठ्ठीवर चार ओळी लिहायच्या. भेटीला जाल तेव्हा वीस मिनिटं मागे बसून बघा; रजिस्टर तपासणी त्यानंतर. सेविकेला एकच सूचना द्या, तीही मुलांसमोर नको. पुढच्या बैठकीत त्याच चिठ्ठ्या काढून विचारा: आपण काय बदललं, आणि त्यानंतर मूल काय करू लागलं?