मला कौल मागू नकोस

अगं, ही नोकरी सोडून त्या नव्या कंपनीत जाऊ का राहू, हे विचारणारा तुझा मेसेज परत परत वाचला. ‘माझं खरं कॉलिंगच, ज्यासाठी जन्मले ते कामच, सापडत नाहीये’ हे त्यात कितीदा आलंय ते बघ जरा. नाही सापडणार, कारण ते कुठे ठेवलेलंच नाहीये. निवडावं लागतं, आणि तू निवडायचं टाळतेयस, म्हणजे तीही निवडच झाली.

फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने 1945 साली पॅरिसमधल्या व्याख्यानात एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली होती. युद्ध चालू, भाऊ 1940 मध्ये जर्मनांच्या हल्ल्यात मारला गेलेला, आईला आता फक्त हाच, आणि ह्याला इंग्लंडला जाऊन जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या फ्री फ्रेंच फौजेत भरती व्हायचंय. जाऊ का राहू? सार्त्र म्हणाला, तू मोकळा आहेस, निवड. बस्स. लोकांना हे निर्दयी वाटतं, मला त्यात माया दिसते. वर तो असंही म्हणतो की सल्ला कोणाला विचारायचा हे ठरवतानाच आपण कसला सल्ला हवाय ते ठरवलेलं असतं. मग सांग, सगळं सोडून निघालेल्या त्या तुझ्या मैत्रिणीला न विचारता तू मला का विचारलंस? मी एकाच नोकरीत मुरलेली बाई, हे तुला चांगलं माहितीये.

आधी माणूस असतो, मग तो जे करतो त्यातून घडतो, एवढं साधं म्हणणं होतं सार्त्रसारख्या अस्तित्ववाद्यांचं. आज ऑफिसात ते नेमकं उलटं होऊन आलंय. ऑथेंटिक, पर्पज, मीनिंग, शब्द सगळे ओळखीचे, आणि वर्कशॉपमध्ये शिकवतात काय, तर पॅशन आत आधीच बसलंय, फक्त ओळखा! मला वैताग येतो ह्याचा. सार्त्रने 1943 मध्येच त्या कॅफेतल्या वेटरबद्दल लिहून ठेवलंय, जरा जास्तच वेटरसारखा वागणारा, जणू तो दुसरा कोणी असूच शकत नाही. तुझं प्रोफाइल वाचताना तोच आठवला, राग मानू नकोस.

आणि तू लिहिलेली ती छातीतली धडधड. झोपच लागत नसेल, जेवण जात नसेल तर सरळ डॉक्टरकडे जा, तिथे फिलॉसॉफी चालवू नकोस. पण दोन्ही वाटा मोकळ्या दिसल्यावर जे गरगरतं ना, त्याला डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दने 1844 मध्येच स्वातंत्र्याची भोवळ म्हटलंय. ती भोवळ सही केल्याशिवाय जात नाही, आणि कधीकधी सही केल्यावरही जात नाही.

हो, सगळ्यांना सारखी मोकळीक नसते, फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारने हे बजावून सांगितलंय आणि मला ते पूर्ण पटतं. माझ्या घरी आजारपण होतं, कर्जाचे हप्ते होते, गाणं सुटलं, त्याचं वाईट अजून वाटतं. पण परिस्थितीने अडवलं असं मी कोणापुढे म्हणणार नाही. लोक भित्री म्हणतात, म्हणू देत, त्यांना काय माहीत की मी रोज उठून परत तेच निवडत होते, रडत का होईना. राहिले ती मी राहिले. तू गेलीस तर तू गेलीस, राहिलीस तर तू राहिलीस, ‘घरच्यांमुळे’ नको, ‘मार्केटमुळे’ नको, आणि ‘मॅडम म्हणाल्या म्हणून’ तर अजिबात नको.

सोमवारपर्यंत त्या कंपनीला कळवायचंय म्हणालीस ना? मेल लिही आणि पाठव. आधी मला वाचायला पाठवू नकोस, मी उघडणार नाही.