तुमच्या रस्त्याचा निर्णय कोणी घ्यायचा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तुम्ही स्वतःला कन्झर्व्हेटिव्ह म्हणवता आणि सारखं स्थानिक सरकारबद्दल लिहिता. एवढे मोठमोठे प्रश्न समोर असताना रस्ते, दिवे, कचरा यात कसली आलीये विचारसरणी?

उत्तर : माझ्या मते खरी विचारसरणी तिथेच कळते. मराठीत या लोकांना पुराणमतवादी म्हणतात आणि मग डोळ्यासमोर नव्याला नाही म्हणणारा माणूसच येतो, पण एडमंड बर्क या अठराव्या शतकातल्या ब्रिटिश कन्झर्व्हेटिव्ह विचारवंताचा फ्रेंच क्रांतीवर राग का होता ते बघा. 1790 मध्ये फ्रान्सचे जुने प्रांत मोडून नकाशावर 83 नवे विभाग आखले गेले, आणि बर्कचं म्हणणं असं की चौरस मोजून आखलेल्या तुकड्यावर कोणी जीव लावत नाही, माणूस आधी आपलं घर, आपली गल्ली, आपल्या ओळखीची माणसं यांच्यावर जीव लावतो आणि देशावरचं प्रेम त्यातूनच वाढतं. मला हे मनापासून पटतं. पुढे 1831 मध्ये तोकव्हील नावाचा फ्रेंच माणूस अमेरिकेत गेला, त्याला तिथल्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या छोट्या गावांमध्ये हेच चालू असलेलं दिसलं, लोक एकत्र बसून स्वतःचा कारभार ठरवतायत, आणि स्वातंत्र्य पेलायची सवय इथेच लागते असं त्याचं मत झालं.

माझा मुद्दा साधा आहे. ज्याच्या खिशातून पैसे जातात आणि जो ते खर्च करतो, त्या दोघांची गाठ पडली पाहिजे. रस्ता उखडला तर ज्याने टेंडर मंजूर केलं त्याला तुम्ही समोर उभं राहून विचारू शकता का? राजधानीतल्या खात्याला नाही विचारता येत, तिथे अर्ज जातो, अर्जाला नंबर मिळतो आणि विषय संपतो.

प्रश्न : असा समोरासमोर कारभार पुस्तकात छान वाटतो, पण आजच्या काळात कुठे चालतो का?

उत्तर : चालतो की. स्वित्झर्लंडमधलं ग्लारुस घ्या, हे तिथलं एक कँटन, म्हणजे छोटं राज्य. तिथे मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी अख्ख्या कँटनचे मतदार एका मोकळ्या मैदानावर गोल उभे राहतात, 1387 पासूनची परंपरा आहे ही. कायदे तिथेच ठरतात, कराचा दर तिथेच ठरतो, कोणीही मतदार पुढे येऊन बोलू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो, मग सगळे आपलं मतदानाचं कार्ड वर धरतात आणि कँटनचा प्रमुख, त्याला लांडामान म्हणतात, मंचावरून नजर फिरवून बहुमत कुठे आहे ते सांगतो, मोजणी नाही. शंका आली तर सरकारातल्या सहकाऱ्यांना विचारतो. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मधोमध, बोलणाऱ्याच्या अगदी पुढ्यात, लहान मुलं बसलेली असतात, मोठी माणसं भांडतात कशी आणि भांडून झाल्यावर निकाल मान्य करतात कशी हे ती लहानपणापासून बघतात. नागरिकशास्त्राच्या तासाला हे नाही शिकवता येत.

हो, हात वर करताना शेजारी बघतो, गुप्त मतदान नाही, हा आक्षेप खरा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. म्हणून हीच पद्धत सगळीकडे आणा असं मी म्हणत नाहीये, परंपरा उचलून दुसरीकडे लावता येत नाही.

प्रश्न : घरपट्टीसारख्या करांवर कायद्याने मर्यादा घातली की स्थानिक सरकार आपोआप शिस्तीत येईल ना?

उत्तर : इथे आमच्याच बाजूच्या लोकांची चूक होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. 1978 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात प्रॉपोझिशन 13 हा मतदारांसमोर ठेवलेला प्रस्ताव मंजूर झाला, जवळपास 65 टक्के लोकांनी बाजूने मत दिलं. मालमत्ता कर मूल्यांकनाच्या 1 टक्क्यावर बांधला, आणि घर विकलं जात नाही तोवर मूल्यांकन वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. लोकांचा राग खरा होता, घरांच्या किमती भडकल्या की निवृत्त माणसाची कमाई तेवढीच आणि कर मात्र वाढत जाणार, आपल्याच घरात राहणं परवडेना. पण झालं काय, शाळांना आणि शहरांना लागणारा पैसा मग राज्याच्या तिजोरीतून यायला लागला आणि पैशाबरोबर हुकूमही तिथूनच यायला लागले. कर कमी झाला, पण ठरवायचा हक्क गावातून राजधानीत गेला. हा सौदा मला कन्झर्व्हेटिव्ह वाटत नाही.

त्यापेक्षा अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्याचं बघा, 1980 चा नियम आहे. तिथे गावाची कराची एकूण वसुली, नवी बांधकामं सोडून, वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, पण गावाला खरंच जास्त हवं असेल तर मतदारांकडे जाऊन परवानगी मागायची. म्हणजे लगाम आहे आणि तो गावाच्याच हातात आहे. शाळेसाठी जास्त कर द्यायला गाव तयार असेल तर देऊ दे ना, त्याला मी उधळपट्टी नाही म्हणणार.

प्रश्न : पण सत्ता वर ओढून घेण्यात कन्झर्व्हेटिव्ह पक्षच पुढे असतात. ब्रिटनचं काय?

उत्तर : खरंय, आणि याचं वाईट वाटतं. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या कन्झर्व्हेटिव्ह सरकारने 1986 मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल, म्हणजे अख्ख्या लंडनचा कारभार बघणारी संस्थाच बंद करून टाकली, का तर तिथे विरोधक बसलेले. नंतर पोल टॅक्स, म्हणजे घरावर नाही तर माणशी लागणारा स्थानिक कर आणला, 1989 मध्ये स्कॉटलंडला आणि 1990 मध्ये इंग्लंड आणि वेल्सला. कल्पना तशी माझ्याच मुद्द्याच्या जवळची, जो स्थानिक मत देतो त्याने थोडा तरी भार उचलावा, म्हणजे तो खर्चावर लक्ष ठेवेल. पण बंगलेवाल्याला आणि दोन खोल्यांतल्या भाडेकरूला जवळजवळ सारखीच रक्कम, आणि ही पद्धतही वरून लादलेली, म्हटल्यावर लोक रस्त्यावर उतरले, 1990 च्या मार्चमध्ये लंडनमध्ये दंगल झाली आणि नोव्हेंबरमध्ये थॅचरबाई पायउतार झाल्या. 1993 मध्ये त्याच्या जागी घराच्या किमतीवर ठरणारा कौन्सिल टॅक्स आला. वर आपला पक्ष असला म्हणून वरची सत्ता चांगली होत नाही, पुढच्या निवडणुकीत तीच खुर्ची आणि तेच अधिकार दुसऱ्याच्या हातात जातात.

प्रश्न : छोटी गावं एकत्र केली तर पैसे वाचतील. याला तुमचा विरोध का?

उत्तर : वरून आदेश काढून जोडायला विरोध आहे. याचंही उदाहरण ग्लारुसचंच, 2006 मध्ये तिथे 25 गावांच्या जागी 10 करायचा सरकारचा प्रस्ताव होता, एका नागरिकाने मैदानात उभं राहून 3 च करा म्हटलं आणि लोकांनी ते मान्य केलं! पुढच्या वर्षी परत विचारलं, तरी मोठ्या बहुमताने तेच, आणि 2011 पासून 3 आहेत. मी तिथे असतो तर विरोधात कार्ड धरलं असतं, 25 गावांच्या 25 सवयी असतात आणि मोडल्या की परत येत नाहीत. पण ज्यांची गावं त्यांनीच ठरवलं, दोनदा ठरवलं, मग माझी तक्रार नाही.

प्रश्न : मला काही करायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

उत्तर : बजेट मागवून वाचा. सगळं नको, मागच्या वर्षी ठरवलेला खर्च आणि प्रत्यक्ष झालेला खर्च, एवढे दोनच रकाने शेजारी ठेवा आणि जिथे फरक मोठा दिसेल तो आकडा कागदावर लिहून पुढच्या सभेला घेऊन जा. भाषण करू नका, फक्त विचारा की हा फरक का पडला. उत्तर नाही मिळालं तर त्याच्या पुढच्या सभेला तोच कागद घेऊन परत जा, आणि जाताना शेजाऱ्याला बरोबर न्या.