सूर्यातले लोखंड आले कुठून?

प्रश्न : वरळीच्या नेहरू तारांगणातून बाहेर पडताना मुलीने विचारले, की सूर्य लोखंड तयार करत नाही, तर त्याच्यात ते आहे हे कसे कळते आणि आले कुठून? सूर्याला ‘तिसऱ्या पिढीचा तारा’ म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : गॅसच्या ज्योतीवर मिठाची चिमूट टाकली की ज्योत पिवळी होते, तो पिवळा रंग सोडियमचा. सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशात, नेमक्या त्याच जागी काळ्या रेषा दिसतात, कारण तिथला सोडियम तो रंग शोषून घेतो; आणि लोखंडाच्या रेषा तर शेकड्यांनी आहेत. सूर्याच्या वस्तुमानात लोखंड साधारण हजारात एक भाग असले, तरी तेवढ्याचेच वजन तीनशेहून अधिक पृथ्व्यांइतके भरते.

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होते, लोखंड नव्हे. विश्वाच्या आरंभीच्या महास्फोटातून वस्तुमानाने सुमारे 75 टक्के हायड्रोजन, 25 टक्के हेलियम आणि किंचित लिथियम एवढेच निघाले. त्यामुळे पहिल्या ताऱ्यांकडे दुसरे काही नव्हते. पुढचे सारे ताऱ्यांनी घडवले आणि मरताना वायूत मिसळले. (हेलियमहून जड अशा सर्वच मूलद्रव्यांना खगोलशास्त्रज्ञ ‘धातू’ म्हणतात, अगदी ऑक्सिजनलाही! रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी क्षमा करावी.)

मात्र ही भर एका वेगाने पडलेली नाही. ऑक्सिजन आणि मॅग्नेशियम मुख्यतः अतिवजनदार ताऱ्यांत बनतात. असे तारे काही दशलक्ष वर्षांतच फुटतात. लोखंडाचा मोठा वाटा श्वेत बटू ताऱ्यांच्या (सूर्यासारख्या ताऱ्यांच्या मरणानंतर उरलेल्या घट्ट गाभ्यांच्या) स्फोटांतून येतो आणि त्यांपैकी अनेकांना कोट्यवधी, कधी अब्जावधी वर्षे लागतात. म्हणूनच आकाशगंगेतील अतिजुन्या ताऱ्यांत एकूण धातू कमी असले, तरी लोखंडाच्या तुलनेत मॅग्नेशियम सूर्यापेक्षा जास्त आढळते.

आता ‘तिसरी पिढी’. खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी 1944 मध्ये ताऱ्यांचे दोन गट पाडले, त्यांत सूर्यासारखे तरुण तारे पहिल्या गटात गेले. सर्वांत आद्य ताऱ्यांना पुढे तिसरा गट मिळाला. म्हणजे क्रमांक उलटे आहेत, आणि आजोबा-वडील-मुलगा असा हिशेबही येथे लागत नाही, कारण 4.6 अब्ज वर्षांपूर्वी सूर्य ज्या ढगातून जन्मला, त्यात असंख्य ताऱ्यांची राख मिसळलेली होती.

पिढी मोजावी असा तारा 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जाहीर केला. त्यात लोखंडाचे प्रमाण सूर्याच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी आहे, आणि तो एकाच आद्य ताऱ्याच्या स्फोटानंतरच्या वायूतून जन्मला असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे.