वादळात बोटीत पाणी भरलं, इंजिनही बुडालं. आता काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रविवारी संध्याकाळी नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला तिघं जण चौदा फुटी फायबर बोटीत होतात. अचानक वादळ आलं, अर्धी बोट भरली, काठाला लागताना तळ घासून ती कलंडली आणि आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन पाण्यात गेलं. ते दोन दिवस पोर्चमध्ये तसंच पडून आहे. बोटीत पाय टेकला की खालून पचपच आवाज येतो आणि भाऊ म्हणतोय, पावसाळ्याआधी वरून फायबरचा एक कोट मारून टाकू. आमचं काय चुकलं, आणि बोट वाचेल का?

आधी उठा आणि इंजिनाकडे जा. बाकीचं उत्तर रात्री वाचलंत तरी चालेल.

इंजिन पाण्यात असेपर्यंत फारसं बिघडत नाही. बाहेर काढल्यावर, ओल्या बेअरिंगला हवा लागली की बिघडायला सुरुवात होते. काही तासांत तांबूस गंज धरतो. म्हणूनच जाणकार सांगतात की लगेच खोलणं जमणार नसेल तर इंजिन स्वच्छ गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये बुडवूनच ठेवा. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण बरोबर आहे. तुमचे दोन दिवस गेलेत, तरी आशा सोडू नका. धरणाचं पाणी गोडं, समुद्राचं खारं असतं तर मी वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

पहिलं काम, स्टार्टरची दोरी ओढून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बाहेरून गोड्या पाण्याने गाळ धुवा आणि स्पार्क प्लग काढा. ठिणगी पडू नये म्हणून प्लगची वायर इंजिनाच्या धातूला टेकवून बांधा. मग प्लगचं भोक खाली येईल असं इंजिन आडवं करून दोरी हळूहळू ओढा. पिचकारीसारखं पाणी येईल, ते थांबेपर्यंत ओढत राहा. प्लग काढूनही दोरी अडत असेल तर तिथेच थांबा आणि मेकॅनिककडे न्या. अडत नसेल तर भोकातून दोन चमचे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल सोडा, पुन्हा आठदहा वेळा फिरवा, म्हणजे आत सगळीकडे तेलाचा हात फिरेल.

कार्बोरेटरची वाटी खोलून धुवा. टाकीतलं पेट्रोल काढून टाका, ते मोटरसायकलला वापरायचा मोह नको. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि तळाशी वेगळा थर धरून बसतं. खालचा गिअर ऑइलचा स्क्रूही सैल करून बघा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय. हे सगळं काठावर मात्र करू नका. नाशिकच्या नळाला येणारं पाणी त्याच धरणातलं आहे.

चालू करताना नवीन पेट्रोल घ्या आणि पहिल्या टाकीला ऑइल दुप्पट. तुमच्या इंजिनाला लिटरमागे 20 मिली लागत असेल तर 40 टाका. खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवूनच चालवा, कोरडं चालवलं तर पाणी खेचणारा रबरी पंखा मिनिटाभरात जळतो. चांगलं अर्धा-पाऊण तास चालू द्या. धुराने शेजारी ओरडतील. ओरडू द्या. मेकॅनिक मिळत नसेल तर गिरणाऱ्याच्या बाजूला द्राक्षबागेचे फवारणी पंप दुरुस्त करणारा कुणीतरी शोधा. शहरातले कारागीर बोटीचं इंजिन बघून हात वर करतात, या लोकांना छोट्या टू-स्ट्रोकची नस माहीत असते.

आता तुमचा पहिला प्रश्न, काय चुकलं. तुमचं मला नेमकं माहीत नाही, आमचं काय चुकलं ते सांगतो. मी अकरा वर्षं सातपूर एमआयडीसीत फायबर मोल्डिंगचं काम केलं. मामा मच्छीमार संस्थेचे सभासद, त्यांची बोट बॅकवॉटरला असायची आणि सुट्टीच्या दिवशी मी आणि मामेभाऊ त्यांच्यासोबत जायचो. 2018 चा मे महिना. दुपारभर अंगाची लाही, साडेचारच्या सुमाराला वारा पूर्ण पडला. पाणी तेलासारखं गुळगुळीत. अंजनेरीच्या बाजूला आभाळ काळंनिळं झालं होतं, पण आमच्या डोक्यावर ऊन होतं.

मामा म्हणाले, "सोड ते जाळं. जाळं उद्या मिळंल." मी सोडलं नाही. दोन क्रेट मासळी अडकलेली दिसत होती, रोहू आणि तिलापी. जाळं ओढण्यात आमची पंधरा मिनिटं गेली, आणि तीच काठाला जायची पंधरा मिनिटं होती. मग फ्रीजचं दार उघडावं तसा एकदम गार वारा अंगावर आला. वळवाच्या ढगात पाऊस पडायला लागला की थंड झालेली जड हवा खाली कोसळते आणि जमिनीला लागून चहूकडे पसरते. पाऊस अजून दूर असतो, वारा आधी पोचतो. तो गार झोत अंगाला लागला तेव्हा आमच्या हातात दोन-तीन मिनिटं उरली होती.

दुसरी चूकही माझीच. इंजिनावर मी होतो आणि मोटरसायकली लावल्या होत्या त्या काठाकडे बोट वळवली. घराकडचा काठ! तो वाऱ्याच्या तोंडावर आडवा, दीड किलोमीटर लांब. पाठीमागे चारशे मीटरवर दुसरा काठ होता, तिकडे कुणी बघितलंही नाही. घाबरलेला माणूस घराकडेच पळतो.

धरणातल्या लाटेला लोक हसतात. लाट किती मोठी होणार हे वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहिला आणि त्याला किती लांब मोकळं पाणी मिळालं यावर ठरतं. इथे मोकळं पाणी काही किलोमीटरच, म्हणून लाट उंच होत नाही. पण ती आखूड असते, एकीमागे एक लगेच. समुद्रात बोट लाटेवर चढते, उतरते. इथे एका लाटेवरून उतरायच्या आत दुसरी आत शिरते. आमची बोट आडवी, त्यात इंजिन बसवायची मागची फळी खाली कापलेली असते, तिथून पाणी आलं आणि इंजिन गचके देऊन बंद पडलं.

घोट्याच्या वर पाणी आलं होतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोचा माणूस, आणि हा माणूस बोट जिकडे कलेल तिकडेच धावतो. मामेभाऊ उठून उभा राहत होता, मामांनी त्याला शर्टाला धरून खाली बसवला. मग त्यांनी रंगाची वीस लिटरची बादली घेतली, दोर हँडलसकट बादलीच्या गळ्याभोवती आवळला आणि दुसरं टोक बोटीच्या पुढच्या कडीला बांधून बादली पाण्यात टाकली. बादली भरली, दोर ताणला गेला आणि वारा बोटीला मागे ढकलत असताना बोटीचं तोंड आपोआप वाऱ्याकडे फिरलं. एवढंच. त्यानंतर लाटा टोकावर फुटायला लागल्या, कुशीत शिरायच्या थांबल्या. आम्ही तळाशी बसून कापलेल्या कॅनने पाणी उपसत राहिलो. ही बादली चुकूनही मागच्या बाजूला बांधू नका. मागची फळी लाटांच्या तोंडावर येते आणि बोट भरते.

आणि इंजिन चालू असतं तर? तरीही तेच, तोंड लाटेकडे किंचित तिरकं, वेग फक्त दिशा धरण्यापुरता. बोट उलटलीच तर तिला सोडून पोहत निघायचं नाही. उलटी बोट तरंगते आणि लांबून दिसते, पोहणाऱ्याचं डोकं दिसत नाही. आमच्याकडे तिघांत दोन लाइफ जॅकेटं होती, त्यातलं एक मी बुडाखाली घेतलं होतं. लाटा उसळताना जॅकेट घालून बघा एकदा, बक्कल सापडत नाही.

वीसेक मिनिटांत वाऱ्याने आम्हाला पलीकडच्या काठाला नेऊन टाकलं, म्हणजे जिथे आधीच जायला हवं होतं तिथे. मे महिन्यात धरण उतरलेलं असतं, काठाला गुडघाभर चिखल आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक. तिथे बोटीचा तळ घासला, तुमच्यासारखाच. विजा चालूच होत्या. काठावर एकच बाभूळ होती, तिच्याखाली उभं राहायचं नाही एवढी अक्कल शिल्लक होती. वीज दिसल्यावर मोजायला लागा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यावर परत जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलमध्ये ठेवा. मोबाईल भिजलाच तर बंद करून पंख्यापुढे ठेवा, तांदळात खुपसू नका आणि दोन दिवस चार्जिंगला लावू नका.

आता भावाचा कोट. याबद्दल मला तळमळून लिहायचंय, कारण हे मी स्वतः केलंय, तेही फायबरचा कारागीर असून. जून तोंडावर होता, मामांचा धंदा बंद पडला होता, मी चार दिवसांत चिरा घासल्या, मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि रेझिन (तिला घट्ट करणारा चिकट द्रव) मारलं, रंग दिला. बोट नव्यासारखी चमकत होती. दिवाळीच्या आठवड्यात ती उचलायला गेलो तर तिघांनी उचलायची बोट पाच जणांना हलेना. तळाला ड्रिलने भोक पाडलं तर चहाच्या रंगाचं, आंबूस वासाचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थेंबथेंब गळत होतं. मागच्या फळीत स्क्रूड्रायव्हर दाबला तो मुठीपर्यंत आत गेला. आतला प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला होता. इंजिन त्याच फळीवर टांगलेलं असतं, हे लक्षात घ्या.

तुमचा पचपच आवाज म्हणजे वरचा तळ आणि खालचा तळ यांच्यामधल्या फोममध्ये पाणी आहे. वरून कोट मारला की ते आत कोंडलं जाईल. शिवाय पॉलिएस्टर रेझिन ओल्यावर धरतच नाही, वर्षभरात पापडासारखं सुटतं.

म्हणून बोट लाकडी ठोकळ्यांवर अशी ठेवा की मागची बाजू खाली राहील. एक रुपयाचं नाणं घेऊन तळ आणि मागची फळी वीतवीत अंतरावर ठोका. टणटण वाजलं तर चांगलं, धप वाजलं तिथे खडूने खूण करा. खुणांच्या सर्वांत खालच्या जागी दहा मिलीमीटरची दोन-तीन भोकं पाडा. स्वतःच्या बोटीला भोक पाडताना हात थरथरतो, माझाही थरथरला. वरून कापड बांधून सावली करा आणि पंखा लावा. लाइफ जॅकेटंही सावलीतच वाळवा. हीटर किंवा गॅसची शेगडी लावू नका, वरचा थर वाळतो आणि आतलं पाणी तसंच राहतं.

वाळलं हे कसं ओळखायचं? आम्ही टोमॅटोच्या क्रेटा मोजायचा प्लॅटफॉर्म काटा आणला आणि दर रविवारी बोटीचं मागचं टोक त्यावर टेकवून वजन लिहून ठेवलं. सलग दोन रविवार काटा हलला नाही की वाळलं. फळीसाठी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा.

जूनच्या मध्यापर्यंत पाऊस लागेल, तेवढ्यात हे होणार नाही. बोट आडोशाला ठेवा, भोकं उघडी ठेवा आणि दुरुस्ती ऑक्टोबरच्या उन्हात करा. फोम चिंब असेल तर वरचा तळ कापून तो खरवडून काढावाच लागेल, आणि फळी मऊ असेल तर नवी. प्लाय घेताना आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा शिक्का बघा, दुकानदार "वॉटरप्रूफच आहे साहेब" म्हणून दुसरंच काही देतो. चीर नुसती भरू नका. कडा उतरत्या घासा, फायबरच्या जाडीच्या बारा पट लांब उतार, म्हणजे तीन मिलीमीटरला छत्तीस. मॅट पॉलिएस्टरसोबत वापरा. इपॉक्सी (दुसऱ्या जातीचं रेझिन) वापरायची असेल तर विणलेलं कापड घ्या, कारण साध्या मॅटमधला गोंद इपॉक्सीत विरघळत नाही.

आणि हे भावाला वाचून दाखवा: रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) नीट ढवळायचं, मग हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव). कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. चष्मा आणि हातमोजे लागतातच, हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. दुपारी काम करू नका, मग्गाभर रेझिन हातातच गोठतं. सकाळी, थोडं थोडं कालवा.

आज इंजिन, उद्या भोकं. कोटाचा डबा परत करता आला तर परत करा. भोकांतून पाणी किती निघालं आणि कोणत्या रंगाचं, ते इथे लिहा, मग फळी वाचते का ते सांगतो.